विश्लेषण : नोकरभरती की 'खरेदी'? फ्रीलान्सिंगमुळे कंपन्यांचे दार कसे बदलते आहे?

आमच्या इंजिनीअरिंगच्या बॅचचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. एरवी तिथे वाढदिवसाचे केक आणि लग्नाच्या पत्रिका असतात. मध्यंतरी एका मित्राने मेसेज टाकला, 'डेटा इंजिनीअर हवा आहे. सहा महिन्यांचे काम. पेरोलवर नाही, कन्सल्टंट म्हणून. सोमवारी सुरू करायचे. कोणी आहे का?' दहा मिनिटांत तीन जणांनी हात वर केला. त्यातले दोघे त्या वेळी दुसऱ्या कंपनीत नोकरीत होते.

हाच ग्रुप कॉलेजच्या शेवटच्या वर्षी कॅम्पस मुलाखतींसाठी सुरू झाला होता. तेव्हा उसना ब्लेझर, ॲप्टिट्यूडची चाचणी, तांत्रिक मुलाखत, एचआरची मुलाखत आणि मग ऑफर लेटर असा क्रम होता. ऑफर लेटरचा फोटो घरी पाठवला की आई शेजारच्या काकूंना सांगायची, 'मुलगा लागला कंपनीत.' या 'लागला'मध्ये पुढची पस्तीस वर्षे गृहीत धरलेली असत. आज त्याच कंपन्या एकीकडे ऑफर लेटर देतात आणि दुसरीकडे शुक्रवारी विचारून सोमवारी माणूस घेतात. हे दुसरे दार नेमके काय आहे, त्यातून आत जाणाऱ्याला काय मिळते आणि काय मिळत नाही, हे समजून घेणे पहिल्या नोकरीच्या शोधात असलेल्यांसाठीही गरजेचे झाले आहे.

नेमके काय बदलते आहे?

कंपनीला माणूस लागतो तेव्हा आजवर एकच रस्ता होता. विभागप्रमुख जागा मागणार, वित्त विभाग मंजुरी देणार, एचआर जाहिरात काढणार. आता विभागप्रमुखाला आधी विचारले जाते, 'माणूस हवा आहे की काम करून हवे आहे?' उत्तर 'काम' असेल, तर प्रकरण एचआरऐवजी अनेकदा खरेदी विभागाकडे जाते. तिथे उमेदवाराचा 'व्हेंडर' होतो. त्याच्याकडून पॅन, रद्द केलेला चेक, असल्यास जीएसटी क्रमांक आणि गोपनीयतेच्या करारावर सही घेतली जाते. त्याला एम्प्लॉयी आयडीऐवजी व्हेंडर कोड मिळतो आणि पगारपत्रकाऐवजी त्यालाच दरमहा इन्व्हॉइस पाठवावे लागते.

हे चित्र किती मोठे आहे? नीती आयोगाच्या जून २०२२ मधील अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात ७७ लाख गिग कामगार होते आणि २०२९-३० पर्यंत त्यांची संख्या २ कोटी ३५ लाखांवर जाईल, असा अंदाज आहे. 'गिग' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जेवण पोहोचवणारा दुचाकीस्वार येतो. मात्र याच अहवालानुसार गिग कामांपैकी सुमारे २२ टक्के कामे उच्च कौशल्याची, तर ४७ टक्के मध्यम कौशल्याची आहेत. कोड लिहिणारे, डिझाइन करणारे, हिशेब तपासणारे, भाषांतर करणारे आणि व्हिडिओ संपादित करणारे लोकही त्यात येतात.

अर्थात, नोकरी संपली असा याचा अर्थ नाही. मुळात भारतात नियमित पगाराची नोकरी हा कधीच बहुसंख्यांचा अनुभव नव्हता. २०२३-२४ च्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार काम करणाऱ्यांपैकी ५८.४ टक्के लोक स्वयंरोजगारात आहेत आणि नियमित पगारदार आहेत २१.७ टक्के. नवे आहे ते एवढेच, की हिंजवडी, खराडी किंवा ऐरोलीच्या काचेच्या इमारतींतही आता रोजच्या बोलीवर काम होऊ लागले आहे.

कंपन्यांना फ्रीलान्सर का हवे आहेत?

पहिले कारण वेळ. भारतीय आयटी क्षेत्रात ९० दिवसांचा नोटीस पीरियड रूढ आहे. आज निवडलेला उमेदवार तीन महिन्यांनी रुजू होतो आणि त्या तीन महिन्यांत दुसरी ऑफर घेऊन गायबही होतो. ग्राहकाचा प्रकल्प तोवर थांबत नाही. फ्रीलान्सर मात्र आठवड्याभरात काम सुरू करू शकतो.

दुसरे कारण 'बेंच'. प्रकल्प नसतानाही पगारावर ठेवलेल्या कर्मचाऱ्यांना आयटीत बेंचवर बसलेले म्हणतात. पुढचा प्रकल्प आला की माणूस हाताशी असावा, म्हणून कंपन्या हा खर्च सोसत. आता ती सहनशक्ती कमी झाली आहे. टीसीएसने जून २०२५ पासून लागू केलेल्या धोरणानुसार कर्मचाऱ्याने वर्षात किमान २२५ दिवस ग्राहकाच्या कामावर असणे अपेक्षित असून बेंचवरचे दिवस ३५ पेक्षा जास्त असू नयेत. देशातील सर्वात मोठी आयटी कंपनी बेंचचे दिवस मोजत असेल, तर इतरांनी गरजेपुरता माणूस घेण्याचा विचार करावा यात नवल नाही.

तिसरे कारण कौशल्याचे आयुष्य. एखादे तंत्रज्ञान दोन-तीन वर्षांत मागे पडते. त्यासाठी कायमचा माणूस घेण्यापेक्षा ते येणाऱ्याला चार महिने बोलवावे, असा हिशेब केला जातो. चौथे कारण ताळेबंदातले. कायम कर्मचारी 'हेडकाउंट'मध्ये मोजला जातो आणि त्याची मंजुरी वरून यावी लागते. फ्रीलान्सरचे बिल प्रकल्पाच्या खर्चात बसते. 'भरती बंद आहे' असे सांगणाऱ्या कंपनीतही त्यामुळे नवे चेहरे दिसतात.

कामगारांच्या बाजूनेही कारणे आहेत. आयटीतल्या फ्रेशरचा पगार वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास दशकभर रेंगाळला. करोनाच्या काळात सांगली, लातूर, अकोल्याच्या घरातून काम करता येते हे सर्वांनी पाहिले. टीसीएसने २०२० मध्ये '२५ बाय २५' ही कल्पना मांडली होती. २०२५ पर्यंत एका वेळी केवळ २५ टक्के कर्मचारी कार्यालयात असतील, असे ती सांगत होती. प्रत्यक्षात २०२३ च्या ऑक्टोबरपासून कर्मचाऱ्यांना आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात बोलावण्यात आले. लवचिकता नोकरीत मिळत नाही म्हटल्यावर काहींनी ती नोकरीबाहेर शोधली.

निवडीची पद्धत कशी बदलली?

कायम नोकरीसाठी कंपनी उमेदवाराची 'क्षमता' पाहते. कॉलेज कोणते, गुण किती, शिकण्याची तयारी आहे का, या प्रश्नांना तिथे अर्थ असतो, कारण शिकवायला वेळ असतो. फ्रीलान्सर घेताना मात्र केलेले काम पाहिले जाते. गिटहबवरचा कोड, डिझाइनचा पोर्टफोलिओ, आधीच्या ग्राहकाचा संदर्भ आणि दोन-तीन तासांचे नमुना काम यावर निर्णय होतो. पदवी कोणत्या गावातल्या कॉलेजची, हे अनेकदा विचारलेही जात नाही.

यात मोठी संधी आहे, हे मान्य करायला हवे. इंग्रजी मुलाखतीत अडखळणारा, पण काम चोख करणारा मुलगा इथे पुढे जाऊ शकतो. घर आणि मुलांमुळे नोकरी सोडावी लागलेल्या स्त्रियांसाठीही हे दार उपयोगी आहे. टाटा समूहाने २००८ मध्येच अशा स्त्रियांसाठी 'सेकंड करिअर इंटर्नशिप प्रोग्रॅम' सुरू केला होता. त्यात साधारण ५०० तासांचे प्रकल्प लवचिक वेळेत करता येत. आज त्याच तत्त्वावर अनेक जणी स्वतंत्रपणे काम मिळवत आहेत.

पण एक गोष्ट नजरेआड होते. नमुना कामाच्या नावाखाली पूर्ण काम फुकट करून घेण्याचे प्रकारही होतात. 'तीन स्क्रीन डिझाइन करून पाठवा, मग कळवतो' असे सांगून पुढे कोणी कळवत नाही. चांगल्या कंपन्या नमुना कामाचेही पैसे देतात. कंपनी काम घेताना कशी वागते, याचा पहिला अंदाज इथेच येतो.

कायम, फिक्स्ड टर्म, कंत्राटी आणि फ्रीलान्स यांत फरक काय?

बोलताना आपण हे शब्द सरमिसळ वापरतो, पण हक्कांच्या दृष्टीने ही चार वेगळी दारे आहेत.

कायम कर्मचारी थेट कंपनीच्या पेरोलवर असतो. पात्रतेनुसार पीएफ, ग्रॅच्युइटी, रजा आणि मातृत्व लाभ त्याला किंवा तिला मिळतात. फिक्स्ड टर्म कर्मचारीही कंपनीच्याच पेरोलवर असतो, मात्र ठरावीक मुदतीसाठी. केंद्राने २०१८ मध्ये ही पद्धत सर्व क्षेत्रांना खुली केली. नव्या कामगार संहितांनुसार तेच काम करणाऱ्या कायम कामगाराएवढे वेतन आणि लाभ त्याला मिळायला हवेत. ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षे थांबण्याचीही गरज नाही, एका वर्षानंतर तो पात्र ठरतो.

तिसरा प्रकार कंत्राटी. इथे माणूस काम करतो एका कंपनीत, पण पेरोलवर असतो मनुष्यबळ पुरवणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या. पीएफ वगैरे ती दुसरी कंपनी भरते. चौथा फ्रीलान्सर किंवा कन्सल्टंट. कायद्याच्या नजरेत तो स्वतःच एक छोटा व्यवसाय असतो. त्याला पगार नसतो, फी असते. रजा, पीएफ, ग्रॅच्युइटी, विमा यांपैकी काहीही आपोआप मिळत नाही.

आपण कोणत्या दारातून आलो, हे ओळखण्याची सोपी खूण करकपातीत आहे. पगारदाराला आजवर फॉर्म १६ मिळत आला, तर फ्रीलान्सरला १६ए. 'जॉब' म्हणून रुजू झालेल्या अनेक फ्रेशरना आपण कर्मचारी नसून कन्सल्टंट आहोत, हे पहिल्या महिन्यात फीमधून १० टक्के टीडीएस कापल्यावर कळते. आमच्याच बॅचच्या एका मैत्रिणीला ते गृहकर्जाच्या वेळी कळले. बँकेने तीन सॅलरी स्लिप मागितल्या आणि तिच्याकडे दोन वर्षांच्या इन्व्हॉइसशिवाय काहीच नव्हते.

मूनलायटिंगचा वाद काय सांगून गेला?

ऑगस्ट २०२२ मध्ये विप्रोचे अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी नोकरीत असताना दुसरीकडे काम करणे ही सरळ फसवणूक असल्याचे म्हटले. पुढच्याच महिन्यात प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी काम करताना आढळलेल्या ३०० जणांना काढल्याचे त्यांनी सांगितले. त्याच सुमारास स्विगीने आपल्या कर्मचाऱ्यांना काही अटींवर बाहेरचे काम करण्याची मुभा देणारे धोरण जाहीर केले. इन्फोसिसने आधी कर्मचाऱ्यांना कडक इशारा देणारा ईमेल पाठवला आणि काही आठवड्यांतच व्यवस्थापकाच्या पूर्वपरवानगीने, हितसंबंधांचा संघर्ष नसेल तर, गिग काम करता येईल असे स्पष्ट केले.

एकाच उद्योगातल्या तीन कंपन्यांची ही तीन उत्तरे होती. प्रतिस्पर्ध्यासाठी काम करणे किंवा कंपनीची माहिती बाहेर नेणे चूकच आहे, त्यात दुमत नाही. पण यातला विरोधाभास नोंदवायला हवा. कंपन्या स्वतः दुसऱ्यांच्या फावल्या वेळेतली कौशल्ये विकत घेतात आणि आपल्या माणसाने तीच विकली की त्याला निष्ठेचा प्रश्न बनवतात. लवचिकता हवी असेल तर तिचे नियम दोन्ही बाजूंना सारखे असायला हवेत. त्या वादानंतर अनेक करारांत बाहेरच्या कामाबद्दलचे कलम ठळक झाले. ते वाचल्याशिवाय सही करू नये.

कायदा फ्रीलान्सरकडे कसा पाहतो?

कर्मचारी कोण आणि स्वतंत्र कंत्राटदार कोण, हा प्रश्न भारतीय न्यायालयांना नवा नाही. ध्रांगध्रा केमिकल वर्क्सच्या प्रकरणात मिठागरात काम करणारे आगरिया हे कामगार आहेत का, हा मुद्दा १९५० च्या दशकात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. काम 'काय' करायचे यासोबत ते 'कसे' करायचे, यावर मालकाचे नियंत्रण आणि देखरेख आहे का, ही कसोटी न्यायालयाने महत्त्वाची मानली आणि आगरियांना कामगार ठरवले. पुढे न्यायालयांनी इतर निकषही जोडले. तरी तो मूळ प्रश्न आजही लागू आहे. रोज साडेनऊला लॉगिन, व्यवस्थापकाकडून रजेची मंजुरी, कंपनीचाच लॅपटॉप आणि दुसरे काम घ्यायला बंदी, असे सारे असेल तर तो माणूस नावापुरताच फ्रीलान्सर नाही का?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातील सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने पारंपरिक मालक-कामगार संबंधाबाहेर कमाई करणाऱ्याला प्रथमच केंद्रीय कायद्यात 'गिग कामगार' असे नाव दिले. त्यांच्यासाठीच्या सामाजिक सुरक्षा निधीत ॲग्रीगेटर कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम भरायची आहे. मात्र ती गिग कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या ५ टक्क्यांपेक्षा अधिक नसेल. संहितेच्या यादीत टॅक्सी आणि खाद्यपदार्थांच्या सेवांबरोबर व्यावसायिक सेवा, तसेच आशय आणि माध्यम सेवा देणारे मंचही आहेत.

इथेच मोठी फट आहे. योगदानाची जबाबदारी मध्यस्थ मंचावर आहे. एखादी कंपनी कोणत्याही ॲपशिवाय, ओळखीतून थेट फ्रीलान्सर घेते, तेव्हा या निधीत तिच्याकडून काहीच जात नाही. कॉर्पोरेट क्षेत्रातले बरेचसे फ्रीलान्स काम तर असेच, व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या एका मेसेजमधून मिळते.

मातृत्व लाभाचेही तसेच. २०१७ च्या दुरुस्तीने पगारदार स्त्रीला २६ आठवड्यांची सवेतन रजा मिळाली. त्याच इमारतीत तेच काम करणाऱ्या फ्रीलान्सर स्त्रीला मिळतात ते बिलाविना काढलेले महिने.

इतर देशांचा अनुभव काय?

अमेरिकेत मायक्रोसॉफ्टने १९८० च्या दशकात अनेकांना फ्रीलान्सर म्हणून कामावर घेतले. ते वर्षानुवर्षे तिथेच, कर्मचाऱ्यांच्या शेजारी बसून, तेच काम करत राहिले. वेगळा होता तो गळ्यातल्या ओळखपत्राचा रंग. यांपैकी अनेक जण प्रत्यक्षात कर्मचारीच असल्याचा निष्कर्ष तिथल्या करखात्याने काढला. मग लाभ नाकारल्याबद्दल खटला उभा राहिला आणि अखेर २००० साली कंपनीने ९ कोटी ७० लाख डॉलर देऊन तडजोड केली. 'पर्माटेम्प', म्हणजे कायमचे तात्पुरते, हा शब्द त्या प्रकरणाने रूढ केला.

कॅलिफोर्नियाने २०२० मध्ये उलट टोक गाठून पाहिले. 'एबी ५' कायद्याने स्वतंत्र कंत्राटदार ठरवण्याचे निकष इतके कडक केले, की खरोखर स्वतंत्र असलेल्या लेखक आणि छायाचित्रकारांचीही कामे गेली. त्याच वर्षी दुरुस्ती करून अनेक व्यवसायांना सूट द्यावी लागली. सगळ्यांना एकाच साच्यात बसवले की ज्यांच्यासाठी कायदा केला त्यांनाच फटका बसू शकतो, हा त्यातला धडा.

न्यूयॉर्क शहराने मधला रस्ता काढला. २०१७ पासून तिथे ८०० डॉलर किंवा त्याहून अधिक रकमेच्या फ्रीलान्स कामासाठी लेखी करार सक्तीचा आहे. करारात तारीख नसेल तर काम पूर्ण झाल्यापासून ३० दिवसांत पैसे द्यावे लागतात. त्या कायद्याचे नावच 'फ्रीलान्स इज नॉट फ्री' अशा अर्थाचे आहे. पुढे २०२४ मध्ये न्यूयॉर्क राज्यानेही असाच कायदा लागू केला. कर्मचारी आहे की नाही या वादात न पडता, केलेल्या कामाचे पैसे वेळेत मिळावेत एवढेच तो पाहतो.

दर कसा ठरवावा?

सर्वाधिक चूक इथे होते. समजा, एखाद्याचे वार्षिक पॅकेज १२ लाख रुपये आहे. फ्रीलान्स सुरू करताना तो महिन्याचे एक लाख भागिले ३० असा हिशेब करतो आणि रोजाचे ३,३०० रुपये सांगून मोकळा होतो.

आता नीट मोजू. वर्षात शनिवार-रविवार वगळता साधारण २६० दिवस उरतात. नोकरदाराला १८ रजा आणि १० सणांच्या सुट्ट्या मिळतात असे धरले, तर तो प्रत्यक्षात २३२ दिवस काम करून १२ लाख मिळवतो. फ्रीलान्सरचे सगळेच दिवस बिलाचे नसतात. ग्राहक शोधणे, बैठका, बिलांचा पाठपुरावा आणि दोन कामांमधला रिकामा काळ यात एक चतुर्थांश दिवस गेले, तर उरतात १७४. म्हणजे १२ लाखांसाठी रोजाचा दर सुमारे ६,९०० रुपये हवा. लॅपटॉप, इंटरनेट आणि कुटुंबाचा आरोग्य विमा यांचा खर्च त्यावर वेगळा. 'फ्रीलान्सर महाग पडतात' अशी तक्रार करणाऱ्या व्यवस्थापकांनीही हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

करात मात्र थोडा दिलासा आहे. जुन्या आयकर कायद्यात कलम ४४एडीए म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तरतुदीनुसार ठरावीक व्यवसायांतील व्यक्ती ५० लाखांपर्यंतच्या जमेपैकी निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवू शकते. रोखीचे व्यवहार ५ टक्क्यांच्या आत असतील तर ही मर्यादा ७५ लाख आहे. महाराष्ट्रात सेवांसाठी जीएसटी नोंदणीची सर्वसाधारण मर्यादा वार्षिक २० लाख रुपये आहे.

करारावर सही करण्यापूर्वी काय पाहावे?

एक, पैसे कधी मिळणार? कॉलेजनंतर नोकरी लागेपर्यंतच्या काळात मी एका कंपनीसाठी वेबसाइटचा मजकूर लिहून दिला होता. १८ हजारांचे बिल होते. ते हाती यायला पाच महिने लागले. प्रत्येक वेळी उत्तर एकच, 'व्हेंडर कोड प्रोसेसमध्ये आहे.' तेव्हा मला ठाऊक नव्हते, की सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ फ्रीलान्सरच्याही उपयोगाचा आहे. उद्यम पोर्टलवर सेवा उद्योग म्हणून मोफत नोंदणी करता येते. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या तारखेला, आणि जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होते आणि फॅसिलिटेशन कौन्सिलकडे दाद मागता येते. नोंदणी काम घेण्याआधीच करून ठेवावी.

दोन, कामाची मालकी कोणाची? कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार नोकरीत केलेल्या कामाचा पहिला मालक सर्वसाधारणपणे मालक असतो. फ्रीलान्सरने लिहिलेल्या मजकुराचा किंवा कोडचा हक्क मात्र लेखी हस्तांतर होईपर्यंत त्याच्याकडेच राहतो. छायाचित्र, चित्र वा चित्रपटासारखे काम कोणी पैसे देऊन करून घेतले असेल तर नियम वेगळा आहे. हस्तांतराच्या करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे मानली जाते. म्हणून 'पूर्ण पैसे मिळाल्यावरच हक्क हस्तांतरित होतील' हे वाक्य करारात असावे.

तीन, काम संपल्यावर बंदी आहे का? 'पुढची दोन वर्षे या क्षेत्रात काम करणार नाही' अशी अट भारतीय करार कायद्याच्या कलम २७ पुढे टिकणे कठीण असते. गोपनीयतेची अट मात्र टिकते आणि ती पाळलीच पाहिजे.

चार, काम मध्येच थांबवले तर? दोन्ही बाजूंना सारखी नोटीस आणि तोवर झालेल्या कामाचे पैसे, हे लिहून घ्यावे.

मग यात चुकते कुठे?

फ्रीलान्सिंगला विरोध करण्याचे कारण नाही. अनुभव असलेल्या, हाताला काम असलेल्या माणसाला ते स्वातंत्र्य देते. प्रश्न आहे तो पहिल्या पायरीचा.

कंपन्या पूर्वी बीई झालेल्या मुलांना घेत आणि काही महिने शिकवत. त्यासाठी इन्फोसिसने म्हैसूरमध्ये मोठा परिसरच उभारला. ज्या बेंचला आज वाया जाणारा खर्च म्हटले जाते, तिथेच आमच्या आधीच्या पिढ्या शिकल्या. कंपन्या तयार कौशल्य बाजारातून विकत घ्यायला लागल्या, तर ते तयार कोण करणार? फ्रीलान्सरच्या प्रत्येक जाहिरातीत अनुभव मागितलेला असतो. अनुभव द्यायला मात्र कोणी बसलेले नसते. जळगावच्या किंवा नांदेडच्या कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या मुलीला पहिली दोन वर्षे शिकवणारी जागाच उरली नाही, तर तिच्यासाठी लवचिक कामाची सारी चर्चा निरर्थक आहे.

दुसरी अडचण जोखमीची. प्रकल्प रद्द झाला, ग्राहक गेला किंवा मंदी आली, तर आजवर त्याचा भार काही प्रमाणात कंपनी उचलत असे. आता तो इन्व्हॉइस पाठवणाऱ्या एकट्या माणसावर येतो. जोखीम त्याने घ्यायची असेल, तर तिची किंमत त्याच्या दरात दिसली पाहिजे. अनेकदा दर पगाराएवढाच आणि बंधने नोकरीएवढीच असतात. गेला तो फक्त पीएफ.

यावर उपाय अवघड नाहीत. ठरावीक काळासाठी माणूस हवा असेल आणि त्याच्यावर नियंत्रणही ठेवायचे असेल, तर फिक्स्ड टर्म नोकरीचा कायदेशीर पर्याय आहे, कंपन्यांनी तो वापरावा. खरोखर स्वतंत्र काम असेल तिथे लेखी करार आणि मुदतीत पैसे, हे न्यूयॉर्कसारखे साधे बंधन आपल्याकडेही आणता येईल. ॲग्रीगेटरकडून घेतले जाणारे योगदान थेट फ्रीलान्सर घेणाऱ्या मोठ्या कंपन्यांनाही लागू करावे. आणि कॉलेजांनी मुलाखतीच्या तयारीबरोबर एक तास करार वाचायला आणि बिल लिहायलाही शिकवावे.

ग्रुपवरच्या त्या मेसेजमधून ज्याला काम मिळाले, त्याच्याशी नंतर बोलणे झाले. काम आवडीचे आहे, पैसेही बरे मिळतात, असे तो म्हणाला. घरी लग्नाची बोलणी सुरू आहेत. मुलीकडच्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, 'परमनंट आहे ना?' तो काही बोलायच्या आत त्याच्या वडिलांनी 'हो' म्हणून टाकले. त्याचा करार तोवर दुसऱ्यांदा वाढला होता, तीन महिन्यांसाठी.